पद हवे की प्रवेश हवा?

वाचकहो, मराठी संगीत नाटकाचा इतिहास सांगायला बसले की आपण नाटककारांची नावे घेतो, नटांची घेतो, चाली देणाऱ्या बुवांची घेतो, आणि प्रयोगांच्या तारखांची माळ ओवून मोकळे होतो. या सगळ्यांना पोसणारा जो चौथा, तिकीट काढून रात्रभर बाकावर बसणारा प्रेक्षक, त्याची आठवण होते ती बहुधा तक्रार करतानाच. त्याने ‘वन्समोअर’ दिले म्हणून नाटक लांबले, त्याला तान हवी होती म्हणून कथानक बुडाले, त्याची अभिरुची कच्ची म्हणून नाटककाराला पदे वाढवावी लागली, असे सांगण्यात येते. आरोपी हजर नाही आणि त्याची बाजू मांडायला वकीलही नाही, असा हा एकतर्फी खटला आहे.

खरे पाहता या प्रेक्षकाचे मत कधीच एक नव्हते. थिएटरात पहिल्यापासून दोन पक्ष होते. एक म्हणे, पदे आवरा आणि प्रवेश पुढे सरकू द्या. दुसरा म्हणे, पदासाठीच तर आलो आहोत, प्रवेश कुठे पळून जातो? यांतला पहिला पक्ष रसिकांचा आणि दुसरा पिटातल्या हुल्लडबाजांचा, अशी वाटणी आपल्या टीकाकारांनी सोयीस्करपणे करून टाकली आहे. ही वाटणी मला अन्यायाची वाटते. ती तशी का वाटते हे सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे आणि एक साधा प्रश्न विचारायला हवा. ज्या काळी हे नाटक जन्माला आले, त्या काळी सामान्य माणसाला चांगले गाणे ऐकायला मिळे कुठे?

विष्णुदास भावे यांनी सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले. त्या नाटकांत गाणे असे, पण ते सूत्रधाराचे. पद्य तो म्हणे, आणि पात्रे त्याला धरून आपली भाषणे आयत्या वेळी करीत. नाटकाबाहेर पाहावे, तर उत्तम गवई संस्थानिकांच्या दरबारी. ठुमरी-दादरा ऐकायचा तर गाणाऱ्या बाईच्या बैठकीला जायला हवे, आणि तिथे जाऊन आलो असे चारचौघांत सांगण्याची सोय नाही. लावणी तमाशाच्या फडात. अब्रूदार घरातल्या माणसाला उघडपणे मोकळे असलेले दार एकच, ते कीर्तनाचे. आणि बायकांची तर तिथेच सीमा. पुण्यातल्या कचेरीत खर्डेघाशी करणारा एखादा कारकून घ्या, नाहीतर एखादा मास्तर घ्या. त्याच्या कानाला भूक होती, पण ती भागवण्याचे प्रतिष्ठित ठिकाण त्याच्या गावात नव्हते.

ते ठिकाण ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात उघडले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्या रात्री ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब स्वतः सरकारी कचेरीतले नोकर, म्हणजे आपल्या या प्रेक्षकाचेच भाऊबंद. पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. पण त्यांनी केलेला बदल मुळातला होता. सूत्रधाराकडचे गाणे काढून त्यांनी ते ज्याचे त्या पात्राच्या तोंडी दिले. दुष्यंताचे दुष्यंत गाऊ लागला, शकुंतलेचे शकुंतला. संपूर्ण नाटकात पदे दोनशेच्या आसपास. आजच्या हिशेबाने हा आकडा ऐकूनच छाती दडपते. परंतु त्या चाली साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी, लावणी अशा होत्या. कीर्तनात आणि घरी ऐकलेल्या. पद सुरू व्हायचे, चार ओळींत संपायचे, आणि संवाद पुढे चालायचा. बोलता बोलता माणूस गाऊ लागतो आणि गाता गाता बोलू लागतो, असा तो प्रकार. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि सुभद्रेच्या भूमिकेतले भाऊराव कोल्हटकर यांच्या गळ्यांनी तर पुण्या-मुंबईला वेड लावले.

आता विरुद्ध पक्ष पाहा. माणूस दुःखात असताना गातो का? राजा रागावला तर तो तालात रागावेल का? हे आक्षेप काही आपण आज शोधून काढलेले नाहीत. आणि हे आक्षेप घेणाऱ्यांना जायला जागाही होती. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी गद्य भूमिका करीत; आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेला त्यांचा हॅम्लेट पाहायला लोक लोटत. एकही पद नसताना लोटत, हे ध्यानात घ्या. म्हणजे मराठी प्रेक्षकाला गाण्यावाचून नाटक समजतच नव्हते, हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही. तोच माणूस एका शनिवारी गणपतरावांचे भाषण ऐकून थरारत होता आणि दुसऱ्या शनिवारी भाऊरावांच्या पदाला मान डोलवत होता. दोन पक्ष होते खरे, पण पुष्कळदा ते एकाच डोक्यात नांदत होते.

पुढे या वादाला आणखी एक फाटा फुटला. पदे किती असावीत हा पहिला प्रश्न. ती कोणत्या चालीवर असावीत हा दुसरा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ साली ‘वीरतनय’ लिहिले आणि पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या चाली मराठीत आणल्या. तरुण मंडळी त्या नव्या ठेक्यावर खूश झाली. जुन्या मंडळींच्या मते हे किर्लोस्करी गाण्याला लागलेले ग्रहण होते. चालीच्या मापात बसवताना शब्दांची ओढाताण होते आणि पदाचा अर्थ हाती लागत नाही, हा त्यांचा आक्षेप. याच्या उलट देवलांची ‘शारदा’ पाहा. ती १८९९ सालची. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाणारी ती पोर आपले गाऱ्हाणे साध्या, घरगुती शब्दांत गाते. बोलण्याची परवानगी जिला कुणी दिली नसती, तिला देवलांनी गाण्याची परवानगी दिली, आणि घराघरांतल्या बायकांनी ती पदे उचलली. ‘शारदे’तली पदे काढून टाका, असे कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही. पदांविषयीचे भांडण पदाच्या अस्तित्वाशी नव्हते, असे यावरून मला वाटते. पद काही काम करते आहे, की नुसते येऊन बसले आहे, हे प्रेक्षक पारखत होता.

याच देवलांचे आणखी एक उदाहरण बोलके आहे. त्यांचा ‘फाल्गुनराव’ हा १८९३ सालचा गद्य फार्स. चांगला चालण्यासारखा, हशा पिकवणारा. १९१६ मध्ये तो पदांसह ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आला, आणि आज आपल्याला आठवतो तो हाच. गद्य नाटकाला पदे जोडली म्हणजे नाटक बिघडते, असा नियम करणाऱ्याने ‘संशयकल्लोळ’चे काय करायचे ते सांगावे.

वादाने खरी धार धरली ती १९११ साली. काकासाहेब खाडिलकर म्हणजे ‘कीचकवधा’चे कर्ते. ते गद्य नाटक १९०७ साली आले, त्यातला राजकीय अर्थ प्रेक्षकांनी बरोबर ओळखला, सरकारनेही ओळखला, आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. त्याच खाडिलकरांनी पुढच्या वर्षी किर्लोस्कर मंडळीसाठी ‘मानापमान’ लिहिले. त्याला चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि नायिका बालगंधर्व. या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली, ही हकीकत आपण ऐकलेलीच असेल. टेंब्यांनी ठुमरी, दादरा, गझल यांचा रंग मराठी पदाला दिला. पाच वर्षांनी ‘स्वयंवर’ आले आणि भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या चिजांवरून पदे बांधली. किर्लोस्करांचे चार ओळींचे पद आता रागाचा विस्तार मागू लागले. त्याला वेळ लागणारच.

इथे ‘वन्समोअर’चे प्रकरण येते. ही पद्धत काय होती ते नव्या वाचकांना सांगायला हवे. नट पद म्हणून संपवतो. पिटातून आरोळी उठते. नट परत जाग्यावर येतो, ऑर्गन पुन्हा सूर धरतो, तेच पद पुन्हा सुरू होते, आणि बालगंधर्व असले तर ते पुन्हा वेगळे होते. ही किमया ध्यानात घेतल्यावाचून ‘वन्समोअर’चा उलगडा होत नाही. प्रेक्षक तीच वस्तू दुसऱ्यांदा मागत नव्हता, त्याच चालीतून दुसरे काय निघते ते मागत होता. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा बसलेले असताना मागणार नाही तर काय? पण दुसऱ्या पक्षाचेही ऐका. रुक्मिणीची उत्कंठा शिगेला पोचली आहे, पुढे काय होणार म्हणून जीव टांगणीला लागला आहे, आणि ती मात्र चौथ्यांदा त्याच ओळीवर. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. ज्याने कथेसाठी पैसे मोजले होते, त्याचा कंटाळा काही खोटा नव्हता.

ही कुचंबणा सर्वांत जास्त जाणवली ती ‘एकच प्याला’त. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले, आणि नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. दारूने नवरा बुडालेला, घरात दाणा नाही, अंगावर ठिगळांचे लुगडे, आणि ही सिंधू गाते! एका पक्षाला हे असह्य होई. गडकऱ्यांच्या भाषेने उभा केलेला प्रसंग तानेने पातळ होतो असे त्याला वाटे. दुसऱ्या पक्षाचे डोळे तिथेच वाहत. त्याला वाटे, एवढे दुःख बोलून सांगताच येत नाही. मला या ठिकाणी दुसरीच एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. या नाटकासाठी चाली मिळाल्या त्या सुंदराबाई जाधव यांच्याकडून, म्हणजे बैठकीत गाणाऱ्या एका कलावतीकडून. ज्या गाण्याच्या दारात पाऊल टाकायला मध्यमवर्गीय माणूस कचरत होता, ते गाणे सिंधूसारख्या पतिव्रतेच्या मुखातून त्याच्या आईला आणि बायकोला ऐकायला मिळाले. पिटातला माणूस ‘वन्समोअर’ म्हणून ओरडत होता तेव्हा तो नाटकाचा शत्रू म्हणून ओरडत नव्हता. वर्षा-दोन वर्षांतून एकदा कंपनी गावात येणार, चार दिवस राहणार आणि निघून जाणार. ते पद आज हुकले तर पुन्हा केव्हा ऐकायला मिळणार? दरबार त्याचा नव्हता, बैठक त्याची नव्हती. एक रुपया-आठ आण्यांच्या तिकिटावर त्याला हक्काने मिळालेली मैफल ती एवढीच.

गाण्याच्या चाहत्यांतही एकी होती असे समजू नका. केशवराव भोसल्यांचा चढा, तडफदार गळा ज्यांना प्रिय, त्यांना गंधर्वांचे गाणे फार मऊ वाटे. उलट्या पक्षाला केशवराव फार आक्रमक वाटत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एकाच रंगमंचावर दोघे उभे राहिले तेव्हा दोन्ही पक्षांना समोरासमोर बसावे लागले. दुर्दैवाने केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले. पुढे तो वाद दीनानाथ मंगेशकरांच्या नावाने चालू राहिला. गोव्याच्या मंगेशीतून आलेल्या या गायकाने ‘बळवंत’ मंडळीत वीज खेळवावी तशी तान खेळवली. वझेबुवांच्या चालींचे ‘रणदुंदुभि’ १९२७ मध्ये आले, आणि वीररसाला गाणे शोभत नाही असे म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. या भांडणांत हुल्लड होती, नाही असे नाही. परंतु दोन गळ्यांतला फरक ओळखून त्यावर हमरीतुमरीवर येणारा जमाव अडाणी म्हणता येईल का?

मग हा प्रेक्षक बदलला कसा? तो एका रात्रीत शहाणा झाला, असे नाही. त्याच्यापुढची दारे वाढली. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते, पुण्यात १९११ पासून भास्करबुवांचा भारत गायन समाज होता. गाणे शिकणे आणि ऐकणे प्रतिष्ठित होऊ लागले. ग्रामोफोनच्या तबकडीने पद तीन-साडेतीन मिनिटांत बसवून घरी आणले. १९२७ साली मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ बोलू आणि गाऊ लागला, आणि त्यात नायक म्हणून उभे होते ते ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबेच! १९३५ च्या ‘धर्मात्मा’त खुद्द बालगंधर्व पडद्यावर गेले. ज्या भुकेने माणूस पहाटेपर्यंत बाकावर बसत होता, ती आता घरी आणि चार आण्यांत भागू लागली. भूक भागलेल्या माणसाला ताटातले जास्तीचे चटकन दिसते. ‘पदे फार होतात’ हे जुने वाक्य याच सुमाराला बहुमताचे झाले, हा काही योगायोग नव्हे.

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ केले. स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली, पदे अगदी थोडी ठेवली आणि केशवराव भोळ्यांनी ती भावगीताच्या बेताने बांधली. एका पक्षाने सुटकेचा नि:श्वास टाकला, दुसरा घरी जाताना चुटपुटला. संस्था फार दिवस चालली नाही, पण नऊ वर्षांनी रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ने तोच धडा लोकप्रिय करून दाखवला. मास्तर कृष्णरावांच्या चाली, ज्योत्स्ना भोळ्यांचा गळा आणि मोजकी पदे. शिवाय नायिका स्वतःच कलावंत. तेव्हा ती गाते का, हे कुणाला विचारावेच लागले नाही.

इथे एखादा चौकस वाचक मला अडवील. तो म्हणेल, प्राध्यापकमहाशय, गाण्याची दुसरी दारे उघडली म्हणून नाटकातले गाणे ओसरले हे खरे, तर १९६० साली घरोघर रेडिओ येत असताना ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘सुवर्णतुला’ कशी चालली? १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ला आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ला गर्दी कशाची?

आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या सिद्धांताला त्याने मुरड घालावी लागते. यांतल्या काही गर्दीचे उत्तर रेडिओतच आहे. नाट्यपदे नभोवाणीवर पुन्हापुन्हा वाजत राहिली, तेव्हा नाटक कधीही न पाहिलेल्या पिढीचा कान तयार झाला. तिला पद आधी ठाऊक, प्रवेश नंतर. ही पिढी गाणे ऐकण्यासाठी आली नाही; ऐकलेले गाणे कुठे आणि कोणाच्या तोंडी उगवते ते पाहायला आली. जितेंद्र अभिषेकींनी हे ओळखले. त्यांनी पद आटोपशीर केले, प्रसंगाला चिकटवले, आणि ‘वन्समोअर’ची मोकळी जागा कमी केली. दारव्हेकरांच्या ‘कट्यार’ने तर वादाचे मूळच नाटकात घेतले. दोन घराणी, दोन गायकी आणि विद्या कोणाची हा प्रश्न. तिथे वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब गातात ते कथानक थांबवून नव्हे. त्यांचे गाणे हेच कथानक. ऐंशी वर्षे एकमेकांवर गुरगुरणारे दोन पक्ष त्या नाटकात शेजारी शेजारी बसले आणि दोघांचेही पैसे वसूल झाले.

तरीही वाद मिटला असे मी म्हणणार नाही. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ आले. गाणे, नाच, माणसांची भिंत, सारे त्यात असूनही त्याला ‘संगीत नाटक’ म्हणायला जुन्या रसिकांची जीभ रेटेना. २०१५ साली ‘कट्यार’ चित्रपट झाली, जुन्या पदांच्या शेजारी नवी गाणी आली, आणि घराघरांत वडील एका बाजूला, मुले दुसऱ्या बाजूला असे तट पडले. २०१७ मध्ये ‘संगीत देवबाभळी’ने केवळ दोन स्त्रियांवर, अभंगाच्या वळणाच्या गाण्यांवर नाट्यगृहे भरवली, तेव्हा ‘संगीत’ ही पाटी लावण्याचा अधिकार कोणाचा, याची चर्चा पुन्हा निघाली. गोव्यात देवळांच्या उत्सवांतून गावकरी मंडळी आजही हौसेने संगीत नाटके करतात, आणि तिथला श्रोता हातातला ताल चुकू देत नाही.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या वेळी एखादे जुने नाटक पाहताना शेजारचा गृहस्थ पदावर पद मागू लागला, तर त्याच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहण्याआधी क्षणभर थांबा. तो मागतो आहे ते पद काम करणारे आहे की आगंतुक, हे जरूर तपासा. ‘शारदे’ने घालून दिलेली ती कसोटी अजून जुनी झालेली नाही. आगंतुक असेल तर तुमचे ‘पुरे’ हे ‘वन्समोअर’इतकेच हक्काचे आहे, ते खुशाल म्हणा. पण मागणाऱ्याला अडाणी म्हणू नका. ज्या गाण्याला आपण आज अभिजात म्हणून मिरवतो, ते दरबारातून आणि बैठकीतून आपल्या घरापर्यंत आले, त्याचे भाडे आठ-आठ आण्यांनी याच माणसाच्या आजोबा-पणजोबांनी भरले आहे.